आत्याची गोळी आणि माझी पुस्तकं

५ सप्टें., शुक्र.
राणीसावरगावला जाऊन आलो. आत्यानं देव्हाऱ्यातली शिशाची गोळी रुमालात बांधून दिली. रझाकारांच्या वेळी आजोबांच्या मांडीतून काढलेली. आजोबा त्यातच गेले. गावात अजून कुजबुज आहे की अंधारात रझाकारांशी लढणाऱ्या आपल्याच कॅम्पातल्या कुणाची तरी लागली. आत्या म्हणाली, "कुनाची व्हती तेवडं कळू दे बाबा. आता माझं काय ऱ्हायलंय." हो म्हणून बसलो. हो म्हणायची खोडच आहे मला.

९ सप्टें.
जुन्या लष्करी गोळ्या ओळखायची पुस्तकं फोनवर शोधतोय. दोन बरी वाटली. एक जाडजूड, रंगीत. दुसरं बारकं, काळ्या रेघांची चित्रं, नुसती मापं. परभणीचा पुस्तकवाला म्हणाला, कुठलंही सांगा, मागवतो. रंगीत सांगितलं. या वयातही चित्रांना भुलतो.

२२ सप्टें.
आलं. सगळी अख्खी काडतुसं, चकचकीत. आमची तर उडून अंगात शिरलेली गोळी. काही उपयोग नाही. बायको, शोभा, म्हणाली, बघून घ्यायचं होतं. फोनवर काय बघणार? बारकं सांगितलं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
विळे, कुऱ्हाड, पाना, सगळं घासून पाटावर मांडलं. गोळीही ठेवली, तीही हत्यारच की. चिंच-राखेनं मीच घासली. पांढरट थर होता, तो गेला. काय लखलखली! हळदकुंकू, झेंडूचं फूल. फार बरं वाटलं.

८ ऑक्टो.
पुस्तक आलं. हेच पाहिजे होतं. पहिल्याच प्रकरणात: गोळीवरचा थर काढू नका, घासू नका. बंदुकीच्या नळीतल्या खाचांच्या तिरप्या रेघा गोळीवर उमटतात. त्या किती आणि किती रुंद, त्यावरून बंदूक ठरते.
रेघा होत्या. मी पाहिल्या होत्या. मोजल्या नाहीत, म्हटलं पुस्तक आलं की

९ ऑक्टो.
भिंग घेऊन उन्हात बसलो. गुळगुळीत. मोबाइलात एक फोटो आहे, त्यात रुमालच स्पष्ट. हेच पुस्तक आधी मागवलं असतं तर. जेवण गेलं नाही. शोभानं ताट झाकून ठेवलं.

१२ ऑक्टो., रवि.
आत्याकडे. सांगायचंच असं ठरवून गेलो. तिनं गोळी तळहातावर घेतली, अंगठा फिरवला. दिसत कमी असलं तरी कळलं तिला.
"लय गुळगुळीत लागायलीय रे. म्या कदी घासली न्हाई. बाबाचं रगत हाय म्हनून नुसतं कुक्कू लावायची."
मग तिनंच विचारलं, पुस्तकात काय निघालं?
आणखी एक पुस्तक बघावं लागेल म्हणालो. तोंडातून निघून गेलं.
तिनं गोळी पुन्हा रुमालात बांधली, गाठ मारली आणि माझ्याच हातात दिली. "बघ मंग," म्हणाली, "मी हाय तवर."