घरातल्याच आहेत

४ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. इकडे सगळे मजेत, असं लिहायची हाताला सवय आहे. दवाखान्याला रंग दिला. कंपाउंडर म्हणतो, आता पेशंट भिंती बघूनच बरे होतील.

फोटो पाहून तू विचारलंस, आई एवढी का वाळली. तेच सांगायला बसलोय आणि रंगाच्या गोष्टी करतोय.

गेल्या वर्षी आपल्या भागात स्तनाच्या कर्करोगाची तपासणी झाली. चाळिशीपुढच्या बायकांची यादी घेऊन नर्सबाई आल्या. ज्यांना गरज नाही त्यांची नावं फॅमिली डॉक्टरनं खोडायची, अशी पद्धत. त्याआधी आम्हा डॉक्टरांच्या बैठकीत मीच तावातावानं बोललो होतो, "दहाजणींना उगाच घाबरवायचं आणि पुढं पाठवायचं कुठं? माझे पेशंट मी ओळखतो." टाळ्या पडल्या. शंका खोटी नव्हती गं. पण माझ्या पेशंटना दुसऱ्या कुणी तपासायचं, हेच मला झोंबत होतं.

यादीत तुझ्या आईचं नाव होतं. नर्सबाई म्हणाल्या, "यांना पाठवताय ना?"

"घरातल्याच आहेत. मीच बघतो," म्हणालो आणि रेघ मारली.

बघितलं नाही. वहिनीला तपासायचं कसं? बी.पी. घेतानासुद्धा आम्ही दोघं हवापाण्याच्या गप्पा मारतो. एखाद्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवता आलं असतं, तेही राहून गेलं. मार्चमध्ये तिनंच दाराकडे बघत सांगितलं, "भावजी, इथं हाताला काहीतरी लागतंय." तेव्हा गाठ लिंबाएवढी होती. आता आजार हाडांत पोचलाय. मोठ्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आता आमच्या हातात आहे.

रजा मिळाली की येते, असं लिहू नकोस. मिळेल त्या गाडीनं ये.

तिला त्या रेघेचं माहीत नाही. काल शेजारणीला सांगत होती, "घरात डॉक्टर आहे हे माझं नशीब, नाहीतर मला कोण बघणार होतं?" मी तिच्या गोळ्या घेऊन तिथंच उभा होतो. तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी काही ठरवायच्या लायकीचा राहिलो नाही.

तुझ्याकडे माफी मागत नाही. ती मागायची तिच्याकडे, आणि तेवढा धीर माझ्यात नाही.

तुझा अपराधी,
काका