ओल्या रंगावरची पावलं

शनिवार, १७ ऑक्टोबर

चि. ठमाबाईंस बाबाचे पोटभर आशीर्वाद.

तुम्ही सगळे मजेत असाल. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो गप्प बसला तरच मला काळजी वाटते. छोटीचा पुढचा दात पडल्याचं जावईबापूंनी फोनवर सांगितलं. तिला म्हणावं, माझेही हलताहेत, शर्यत लावू या.

तुझ्या घरी माझ्यासाठी तयार केलेल्या खोलीचा फोटो मिळाला. खिडकी छान आहे. ब्रश ठेवायला तू फळी ठोकून घेतलीस ते पाहून डोळे भरून आले. भिंतीचा निळा जरा गडद झालाय, पण राहू दे. रंगाऱ्याला दुसऱ्याचं काम कधी पसंत पडलंय?

आता इकडची बातमी. मालकाच्या हवाली करायचं तर घर नीट करून द्यावं, म्हणून रंगवायला काढलं. भिंती झाल्या, दारं झाली, काल दुपारी बाहेरच्या खोलीतल्या जमिनीच्या फळ्यांना ऑइलपेंट मारायला बसलो. तुला लहानपणी शिकवलं होतं, आठवतं? जमीन रंगवताना पलीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडायचं. उभा जन्म मी हेच केलं. आणि काल तुझा बाप दारापासून सुरुवात करून थेट खिडकीत जाऊन पोचला! वळून बघतो तर सगळी खोली ओली चकचकीत, दार त्या टोकाला, आणि मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत ब्रश घेऊन बसलेला. हस, हस. मीही हसलो.

समोर अंगणापलीकडे घड्याळवाल्या बाईंचं दुकान आहे. तुझी आई गेल्यावर भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते ज्यांनी चालू करून दिलं, त्या. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून वर पाहिलं.

"काय हो, खिडकीत काय करताय?"

"रंग वाळायची वाट बघतोय."

"आत बसून?"

मग त्यांना असं काही हसू फुटलं, की दुकानाच्या पायरीवरच बसल्या. हसून झाल्यावर थर्मास घेऊन आल्या. मी पडद्याची दोरी खाली सोडली आणि चहा वर ओढून घेतला.

"इतकी वर्षं लोकांच्या जमिनी रंगवल्यात, कधी असे अडकलात?"

"कधीच नाही."

"मग आजच कसे?"

"लक्ष नव्हतं."

"तुम्हाला खरंच जायचंय का?"

मी म्हणालो, "पोरीनं खोली तयार ठेवलीय."

"ते नाही विचारलं मी," त्या म्हणाल्या आणि दुकानात निघून गेल्या.

ठमे, मी गिऱ्हाइकाला कधी छापील कार्ड बघून रंग ठरवू दिला नाही. आधी भिंतीवर हातभर पट्टा मारून द्यायचो. म्हणायचो, सकाळच्या उजेडात बघा, संध्याकाळी दिवा लावून बघा, चार दिवस त्याच्यासोबत राहा आणि मग बोला. आणि तू "येताय ना, बाबा?" म्हणालीस, तेव्हा तुझं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून मोकळा. तुझा आवाज जड झाला होता. त्या आवाजाला नाही म्हणणारा बाप अजून जन्मायचाय. मला काय हवं, हे मी मला विचारलंच नाही.

काल खिडकीत अडकलो, तेव्हा विचारायला वेळ मिळाला. समोर पाववाल्याचं शटर, त्याच्या शेजारी शाळेचं फाटक, सगळं माझ्या हातचं. वह्यावाल्याच्या पाटीची शेवटची अक्षरं अजून भरायची आहेत, तो रोज हाक मारतो. आणि संध्याकाळी दुकान आवरलं की बाई आणि मी त्या पायरीवर बसतो. त्या घड्याळांची गाऱ्हाणी सांगतात, मी भिंतींची.

तू म्हणशील, बाबा, एका पत्रात घड्याळवाल्या बाई किती वेळा? आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला त्या आवडतात. लग्नबिग्न काही डोक्यात नाही, घाबरू नकोस. दिवसभरात जे काही घडेल ते संध्याकाळी त्यांना सांगायचं असतं, एवढंच. तुझ्या आईच्या जागेला धक्का नाही. तिच्याबद्दलही मी त्यांच्याशीच बोलतो.

मला इथं राहायचंय, ठमे. तुझ्यावरची माया तसूभरही कमी झालेली नाही, पण मला इथं राहायचंय. हे लिहायला तीन कागद फाडले. तू फळी ठोकून घ्यायची आणि मी असं कळवायचं! रागाव खुशाल. दोन दिवस फोन करू नकोस. पण मग कर.

काल पुढं काय झालं, ते राहिलंच. अंधारून आलं. बाईंनी शटर ओढलं आणि वर बघून विचारलं, "येताय, की आज मी एकटीच बसू?"

रंग वाळला नव्हता. ओल्या रंगावर पाय देणाऱ्याला मी जन्मभर शिव्या घातल्यात, एकदा तुलाही धपाटा मिळालाय. मी चपला हातात घेतल्या आणि सरळ दारापर्यंत चालत गेलो.

आज सकाळी मालकाला सांगून आलो, घर सोडत नाही. त्यानं येऊन जमीन बघितली आणि कपाळाला हात लावला. फळ्यांवर खिडकीपासून दारापर्यंत पावलं उमटली आहेत, गुडघ्यामुळे डावं जरा फरफटलेलं. तो म्हणाला, दुसरा हात मारून टाका. मी म्हटलं, मुळीच नाही.

तिथली फळी काढू नकोस. सुट्टीत ब्रश घेऊन येणार आहे, तो निळा मला दुरुस्त करायचाच आहे. पण त्याआधी तुम्ही सगळे इकडे या. छोटीला त्या पावलांत पाय ठेवून चालू दे. बिनधास्त आत या, रंग आता वाळलाय.

तुझा, आणि इथलाच,
बाबा