चौसष्टावा फॉर्म

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
आंघोळ करताना डाव्या वृषणावर, खालच्या बाजूस, एक कठीण दाणा हाताला लागला. आकार जवाच्या दाण्याहून मोठा, वाटाण्याहून लहान. वेदना शून्य. जे दुखत नाही त्याची केवळ नोंद पुरते, कारवाई लागत नाही. नोंद केली. विषय संपला.
संभाव्य कारण: कुरणात फिरायच्या चारचाकी क्वाड बाइकची कडक सीट. नवी मागवली.

बुधवार, ५ फेब्रुवारी
ग्लेनऑर मेंढेपालक मंडळाची सभा. सभासद चौसष्ट, अध्यक्ष रेवी, सचिव मी, सलग एकोणीस वर्षे. रेवीचा पुतण्या मनाया आज प्रथमच आला. वय सत्तावीस, लोकर कातरणारा. डोक्याला टोपी, टोपीखाली एकही केस नाही. वृषणाचा कर्करोग. गाठ लागूनही आठ महिने गप्प राहिला, तोवर रोग पोटात पसरला. शस्त्रक्रिया, नंतर औषधांच्या चार फेऱ्या, कातरणीचा अख्खा हंगाम गेला.
उभा राहून म्हणाला, मी दिवसाला तीनशे मेंढ्या कातरतो, कुठल्या मेंढीच्या अंगावर कुठे काय आहे ते मला पाठ असतं. स्वतःच्या चड्डीत काय आहे ते मात्र कुणाला दाखवायची लाज वाटली. आता नर्सपासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी बघितलंय, सांगा, कुठे गेली लाज?
सभा आधी खूप हसली. मग कोणीच कोणाकडे बघेना.
मी ठराव मांडला की, प्रत्येक सभासदाने स्वतःची तपासणी करून १५ एप्रिलपूर्वी लेखी कळवावे. रेवी म्हणाला, अ‍ॅलिस्टर, कागद तू कर, हात आम्ही घालतो. फॉर्मचा मसुदा जागेवरच तयार केला: नाव, तारीख, उजवे, डावे, शेरा, सही. कलम सात: जो पदाधिकारी मुदतीत फॉर्म देणार नाही त्याचे पद रिकामे झाले असे समजावे. हे कलम रेवीसाठी आहे. एकोणीस वर्षांत त्याने एकही कागद वेळेवर दिलेला नाही. एकमताने मंजूर.

शनिवार, ८ फेब्रुवारी
नवी सीट आली, बसवली. दाणा जागेवर. सीटला काही काळ द्यावा लागेल.
जेवताना नोलीनने विचारले, तू असा एका कुल्ल्यावर का बसतोस, बसमध्ये जागा धरल्यासारखा? पाठीच्या कण्यासाठी, असे उत्तर दिले. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोने इतके बारीक निरीक्षण ठेवणे मला अनावश्यक वाटते.

सोमवार, १७ फेब्रुवारी
आरोग्य खात्याच्या माहितीपत्रकावरून सभासदांसाठी एक पान लिहून काढले. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, एका वेळी एक, अंगठा आणि बोटे यांमध्ये हलकेच फिरवून पाहणे. मागची मऊ नळी ही गाठ नव्हे, तिला घाबरू नये. कठीण गाठ, आकारात फरक, जडपणा, यांपैकी काहीही आढळल्यास ताबडतोब डॉक्टर. ‘ताबडतोब’ अधोरेखित केले.
माहितीपत्रकानुसार हा आजार पंधरा ते चाळीस या वयात अधिक. मी चोपन्न वर्षे तीन महिन्यांचा. मोठा दिलासा. नोलीनने मसुदा तपासला आणि म्हणाली, अधिक म्हणजे फक्त नव्हे, हे ठळक अक्षरांत लिही, नाहीतर तुझ्या वयाचे सगळे शहाणे सुटका झाली म्हणून बिअर पीत बसतील. लिहिले.
संकल्प: दाणा १ मार्चला तेथेच असल्यास त्या दिवशी डॉक्टरकडे जाणे.

शनिवार, १ मार्च
दाणा तेथेच. तथापि आज शनिवार, दवाखाना बंद. संकल्प तारखेचा होता. पुढील कामकाजाच्या दिवसाचा उल्लेख त्यात नाही. सबब तो रद्द झाला.
पर्यायी कारण सापडले: मेरिनो लोकरीच्या चड्ड्या. घट्ट होतात. सुती मागवल्या.

शनिवार, ८ मार्च
एडक्यांच्या वार्षिक तपासणीचा दिवस. मेंढ्यांत सोडण्यापूर्वी प्रत्येक एडक्याचे वृषण चाचपून पाहिले जाते. गाठ किंवा सूज लागली की तो बाद. यंदा हे काम माझ्या आवारात ठेवले. पुरुषांना बोलावून भाषण केले तर येत नाहीत, एडके आणि सॉसेज म्हटले की येतात. त्रेपन्न जण आले. नियोजन यशस्वी.
पशुवैद्य हिनेमोआने सुरुवात केली. नंतर मी म्हणालो की, बोटांची पद्धत मी दाखवतो. माझा सर्वांत उत्तम एडका पुढे घेतला, तीन वर्षांचा, रॉमनी जातीचा, प्रदर्शनातला पहिला. मागून दोन्ही हात घातले. उजवे ठीक. डावे, खालच्या बाजूस: कठीण दाणा. दोन सेकंदांत सापडला.
हिनेमोआने हात घालून खात्री केली आणि म्हणाली, अ‍ॅलिस्टर, तुझ्या बोटांना सवय दिसतेय, घरी सराव करतोस की काय? अंगण हसले.
मी मात्र प्रसंगाचा उपयोग केला. म्हणालो, सभासदहो, पाहा. एडका चरतो आहे, उड्या मारतो आहे, त्याला काही दुखत नाही. नेमके म्हणूनच थांबायचे नाही. आपण काय करतो? रक्त तपासू, वाट पाहू, सीट बदलू? नाही. त्याच क्षणी.
लाल खडू घेऊन त्याच्या पाठीवर बादची फुली मारली. टाळ्या. मनाया मागच्या कुंपणावर बसला होता, म्हणाला, सीट कुणाची बदलायची होती? एडके क्वाड बाइक चालवायला लागले का?
प्रश्न अप्रस्तुत होता. सॉसेज वाढले.

रविवार, ९ मार्च
एडक्याच्या डाव्या बाजूचा दाणा आणि दुसऱ्या एका दाण्याचा स्पर्श यांत साम्य आहे. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. एडका हा वेगळा प्राणी आहे.
तरीही आज चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तीन वेळा भलत्याच क्षणी उभा राहिलो.

सोमवार, २४ मार्च
एकूण एक्केचाळीस फॉर्म जमा. शेऱ्यांची भाषा खेदजनक. एकाने लिहिले आहे, उजवे हजर, डावे हजर, दोघांत बोलणे नाही. एक्याऐंशी वर्षांच्या फार्कारने लिहिले, दोन्ही सेवानिवृत्त. रेवीचा फॉर्म सर्वांत आधी आला. मला धक्का बसला.
एका सभासदाने शेऱ्यात ‘थोडी सूज, मेंढ्या डोंगरावरून उतरवून झाल्या की बघू’ असे लिहिले. त्याला फोन करून खडसावले. विचारले की, मेंढ्या तुझ्या आधी मरणार आहेत का? पंधरा मिनिटांत त्याच्या फाटकापाशी होतो. स्वतः गाडी चालवत चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेले. पाणी साठले होते, साधे. डॉ. विजेरत्ने बाहेर येऊन म्हणाल्या, तुझ्यासारखी मित्राची काळजी घेणारे फार कमी. अकरा वर्षे त्या इथे आहेत, कँडीहून आलेल्या, कोणाला काय विचारायचे ते त्यांना बरोबर कळते. विचारले, आणि तुझं काय, सगळं ठीक?
म्हणालो, मी फक्त ड्रायव्हर.
घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही.

सोमवार, १४ एप्रिल
मुदतीच्या एक दिवस आधी त्रेसष्ट फॉर्म जमा. शंभर टक्के. चौसष्टावा सभासद मी. परंतु तपासनिसाने स्वतःला तपासू नये, हे वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात. स्वतंत्रता अबाधित राहिली पाहिजे. हा युक्तिवाद मला निर्दोष वाटतो. दोन वेळा वाचला.
दाणा आता वाटाण्याएवढा. वाटाणेही लहानमोठे असतात.

गुरुवार, १७ एप्रिल
सभा. शंभर टक्के जाहीर केले. टाळ्या चालू असताना मनाया यादी घेऊन उठला. नावे मोजली, फॉर्म मोजले, पुन्हा मोजले. म्हणाला, एक कमी आहे, आणि तो शेंबड्या पोराचा नाही, सचिवसाहेबांचा आहे.
तपासनिसाची स्वतंत्रता समजावून सांगितली. कोणालाही समजली नाही. हिनेमोआ म्हणाली, एवढंच असेल तर मी तपासते, खडू गाडीतच आहे. रेवी कलम सात मोठ्याने वाचू लागला. त्याला इतके स्पष्ट वाचता येते हे मला माहीत नव्हते. म्हणाला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी वेळेवर आणि तू उशिरा, मला ही संध्याकाळ लांबवायची आहे, म्हणून एक आठवड्याची मुदत देतो.
सर्वानुमते मंजूर. विरोधात एक मत. माझे.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर. दुपारी २.४०
शुक्रवारपासून उद्यापर्यंत दवाखाना बंद. तो माझा दोष नाही. फॉर्म घरीच भरायला घेतला. नाव. तारीख. उजवे: ठीक. डावे:
चाळीस मिनिटे झाली. ‘समाधानकारक’ हा शब्द सुचला. पेन टेकवले. आयुष्यात मी एकही खोटी नोंद केलेली नाही. पेन उचलले.
नोलीन चहा घेऊन आली. फॉर्म पाहिला, रिकामी जागा पाहिली. थट्टा केली नाही, हे मला आवडले नाही. विचारले, किती दिवस? म्हणालो, शहात्तर. ती कपासकट खाली बसली. म्हणाली, शहात्तर दिवस मला शेजारी झोपवून तू एकटा मोजत होतास? तुझ्या त्या सीटला सांगितलंस, चड्ड्यांना सांगितलंस, आणि मला नाही?
चहा गार झाला, तिने दुसरा केला आणि तोही गार होईपर्यंत माझा हात सोडला नाही.

मंगळवार, २२ एप्रिल
आठ वाजता दवाखान्याचा फोन सुरू होतो. नोलीनने सात अठ्ठावन्नला फिरवला. दहा वीसला डॉ. विजेरत्ने यांनी तपासले. पहिले अर्धे मिनिट त्या हवेविषयी बोलत होत्या. मग बोलणे थांबले.
विचारले की, कधी लक्षात आलं? म्हणालो, तीन फेब्रुवारी, सकाळी सात दहा. त्यांनी तारीख कागदावर लिहून घेतली. म्हणाल्या, एवढं नेमकं उत्तर मला आजवर कोणी दिलं नव्हतं, आणि एवढा रागही कधी आला नव्हता.

गुरुवार, २४ एप्रिल
इन्व्हरकार्गिलच्या मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी, रक्त, पोटाचा आणि छातीचा स्कॅन. गाठ अठरा मिलिमीटर. बहुधा कर्करोगच. डावे काढावे लागेल, शस्त्रक्रिया येत्या बुधवारी. इतरत्र पसरल्याचे दिसत नाही. बरे होण्याची शक्यता उत्तम.
सर्जन म्हणाले, नशीबवान आहात, मात्र याचं श्रेय नियोजनाला देऊ नका.
डॉ. विजेरत्ने यांनी त्यांना काय काय कळवले आहे कोण जाणे.
फॉर्म भरला. डावे: गाठ. रेवीच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी केली, खिशात ठेवला. थट्टेसाठी उघडलेले तोंड मिटले आणि म्हणाला, बुधवारी मेंढ्या मी बघतो. तू त्यांच्याबद्दल मला कागद पाठवू नकोस म्हणजे झालं.

बुधवार, ३० एप्रिल. सकाळी ६.४५
सातला हजर राहायचे होते, साडेसहाला पोहोचलो. नोलीन गाडी लावायला गेली आहे. खोलीत तीन तरुण पाठीमागून उघडे झगे घालून बसलेले. नर्सने प्रेमाने विचारले, यांच्यातला तुमचा मुलगा कोणता? म्हणालो, कोणताच नाही. तिने यादी पाहिली आणि मला झगा दिला.
शेजारचा मुलगा बावीस वर्षांचा, नळदुरुस्तीचे काम शिकतो. त्याला तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी आंघोळ करताना गाठ लागली. सोमवारी सकाळी मुकादमाला सांगितले, दुपारी डॉक्टर. मी म्हणालो की, लगेच जाण्याचा निर्णय कसा काय घेतलास? म्हणाला, निर्णय कसला काका, फाटली ना, म्हणून पळत गेलो. तुम्हाला कधी कळलं?
सांगितले. त्याने बोटांवर महिने मोजले. विचारले, मग इतके दिवस काय करत होता?
माझ्याजवळ तारीखवार कारणे होती. एकही त्याला सांगण्याजोगे निघाले नाही. म्हणालो, मी तुझ्यासारखा घाबरणाऱ्यातला नाही.
तेवढ्यात नर्सने दंडाचा पट्टा सोडून रक्तदाबाचा आकडा मोठ्याने वाचला. एकशे अठ्ठ्याहत्तर. मुलगा माझ्याकडे वळला. हसला नाही. म्हणाला, काका, तुम्ही पण घाबरलायत की.
हो म्हणालो. तीन फेब्रुवारीपासून.