बेडकीचं बूच

१४ नोव्हेंबर, सकाळ

चि. बाबू,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा माझ्यावर कुरकुरतो, मी त्याच्यावर कुरकुरते, फिटंफाट. वहिनीला सांग, स्वेटर अंगात बसला. म्हणजे एक तर मी वाळलेय, नाहीतर तिचा अंदाज पहिल्यांदाच बरोबर आलाय.

आता खाली बस आणि नीट वाच. मी बेडकी बाहेर काढलीय.

हो, तीच. आपली आठ चाकांची, चिखलात पळणारी आणि पाण्यात पोहणारी गाडी. अकरा वर्षं वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली पडली होती. गेल्या महिन्यात तुझ्या लेकीचा फोन आला, "आत्या, ती गाडी अजून आहे का गं?" पिटुकलीला तेव्हाचं काही आठवत नाही म्हणे. पाच वर्षांची तर होती. मग हसत हसत सांगायला लागली, बाबा कुठलीच गाडी चालवत नाही, गॅस तीनदा बघतो, कुलूप चारदा ओढतो. ती हसत होती. मला काही हसू येईना. फोन ठेवला आणि सरळ जाऊन ताडपत्री ओढली.

सगळं जाम, बाबू! चाकांच्या नटांवर डिझेल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पान्याला लांब पाइप लावून अक्षरशः लोंबकळले, तेव्हा कुठे एकेक हलला. वळवायचे दोन्ही दांडे जागच्या जागी गोठलेले. साखळ्या एवढ्या आखडलेल्या, की उचलल्या तर काठीसारख्या सरळ राहायच्या. आठवडाभर रॉकेलच्या घमेल्यात ठेवल्या, आता कशा सळसळ हातातून सुटतात. शेजारचे वेल्डरकाका रोज येऊन म्हणायचे, "अगं, भंगारात दे आणि मोकळी हो." मी म्हटलं, "तुम्हालाही घालू का त्यात?" तेव्हापासून चहा प्यायला येतात, सल्ला द्यायला नाही.

बघ, साखळ्यांचंच सांगत बसले. सांगायचंय वेगळंच.

बेडकीच्या होडीसारख्या टबाच्या तळाशी वीतभर गाळ वाळून कडक झाला होता. तो खरवडत मागच्या कोपऱ्यापर्यंत आले. तिथे पाणी सोडायचं भोक असतं, तळ्यात उतरण्याआधी बुचाने बंद करायचं, तुला मी काय सांगायचं. बाबू, त्या भोकात बूच होतं. पितळेचं, शेवटच्या आट्यापर्यंत पिळलेलं, गाळाखाली गाडलेलं. पाना लावला, ढिम्म हलेना. टब प्लास्टिकचा, जाळ लावायची सोय नाही. दोन दिवस झगडले. काका वाकून बघत म्हणाले, "एवढं घट्ट लावलं तरी कुणी?"

तू लावलं होतंस. तू विसरला नव्हतास, बाबू.

त्या दिवशी तू तळ्यापलीकडच्या पंपहाऊसवर सामान घेऊन निघालास. पिटुकली हट्ट करून तुझ्या मांडीवर बसली. मध्यावर गेल्यावर बेडकी मागून खाली जायला लागली आणि तू पोरीला डोक्यावर धरून पोहत सुटलास. मी काठावरून ओरडले, "बूच! अरे, बूच लावलं नाहीस!" सगळ्यांनी ऐकलं. तूही खरं मानलंस. "लावल्यासारखं वाटतंय गं ताई, पण नक्की आठवत नाही," एवढंच म्हणालास. महिन्याभरात बिऱ्हाड हलवलंस.

मग पाणी आलं कुठून? मागच्या डाव्या चाकाचा धुरा पुलर लावून ओढला. बेअरिंग गंजून त्याला चिकटलं होतं, निघताना असा काही आवाज झाला की काकांच्या हातातला कप पडला. धुऱ्याभोवती पाणी अडवणारं आतलं रबरी सील उलटं बसवलेलं. त्याची कड पाण्याकडे हवी, ती होती गाडीच्या आत. बाकीची सात सरळ. ते आठवं त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी बदललं होतं. तू म्हणत होतास, "ताई, राहू दे, उद्या उजेडात बघू." मी कुणाचं ऐकते थोडीच!

इथेच थांबता आलं असतं. आत्ताच कळलं, असं लिहून सुटले असते. पण नको. बेडकी काठावर ओढून काढली, तेव्हा तू पोरीला घेऊन दवाखान्यात होतास. आतलं पाणी मी बादलीने उपसलं. तिसऱ्या बादलीला मनात आलं, बूच नाही तर हे पाणी आपोआप गळून का जात नाही? आणि मी चौथी बादली भरली. वाकून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढे सीलही बघावं लागलं असतं. पाणी संपलं तशी ताडपत्री टाकली. मला लाज वाटते रे. तू तिकडे कुलपं ओढत राहिलास आणि मी इकडे गप्प.

हे लिहिलं आणि जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, किती वर्षांनी एवढं हलकं वाटतंय. तुला राग आला तर ये, नाहीतर फोनवर शिव्या दे, मी मध्ये बोलणार नाही. मी मध्ये बोलणार नाही म्हणजे मला किती वाईट वाटतंय ते समजून घे. पण आज घराबाहेर पडताना कुलूप एकदाच ओढ आणि चालायला लाग.

ते उलटं सील सोबत पाठवलंय. पिटुकलीला दाखव, वहिनीला दाखव, कुणी केलं तेही सांग. नवी आठही सीलं मी काकांना समोर उभं करून बसवली. इंजिन काल धूर ओकत का होईना, सुरू झालं. सगळं सुटलं. बूच तेवढं राहिलंय. काका म्हणाले, छिन्नीने फोडून काढू. मी त्यांना हाकलून दिलं.

ते तू काढायचंस. पोरीला घेऊन ये आणि तिच्यासमोर काढ. आधी तिलाच पाना दे, लावू दे जोर. तिच्या बापाने ते किती घट्ट लावलं होतं, ते तिच्या हातांना कळू दे.

त्या दिवशी न बघता ओरडलेली,
तुझी ताई