पत्रिका तपासणारे मास्तर

५ ऑक्टोबर, रविवार

घेतलं एकदाचं! रेश्मा पुण्याहून आली होती, जाताना प्रेसच्या कॉम्प्युटरवर एआय बसवून गेली. लग्नपत्रिकेचा मजकूर टाकायचा, ‘तपास’ म्हणायचं, चुका दाखवतं. तेही मराठीत. मी म्हटलं, तुझे बाबा गेल्यापासून अठरा वर्षं मी माझ्या डोळ्यांनीच तपासतेय की. म्हणाली, ‘आई, मे महिन्यात काय झालं ते विसरलीस?’

विसरेन कशी. अकराचा मुहूर्त, मी एक छापला. अर्धी माणसं अक्षता पडल्यावर आली. इस्लामपुरात पंधरा दिवस तेवढंच बोलणं. अजून एक तशी चूक झाली तर प्रेस बंदच करावा लागेल. आणि मार्गशीर्षात रेश्माचंच लग्न आहे. तिच्या पत्रिकेत काही चुकलं तर तोंड कुठं दाखवू?

८ ऑक्टोबर

एका पत्रिकेत वार आणि तारीख जुळत नव्हती — लगेच धरलं. कार्यालयाचा पत्ता दोन ठिकाणी वेगळा, तेही धरलं. वसीम आमचा मशीनवाला, ह्यांच्या वेळेपासूनचा. स्क्रीनकडं बघत म्हणाला, ‘वैनी, हे मास्तर लय चिकट हाईत.’ तेच नाव पडलं. मास्तर.

९ ऑक्टोबर

मास्तरांना सगळंच कळतं असं नाही. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही पोराटोरांची ओळ. त्यांनी केलं — ‘आमच्या मामांच्या विवाहास उपस्थित राहावे.’ आणि खाली नाव दीड वर्षाच्या पोरीचं! एकटीच हसत बसले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज वाईट झालं.

कुंडलचे नानासो पुतण्याची पत्रिका छापायला आले. बरोबर नवऱ्या मुलाची आई, अंबूबाई. चपला बाहेर काढून दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. मी मजकूर टाईप केला. वडील वारलेले, म्हणून ‘कै.’ लावून त्यांचं नाव, निमंत्रक नानासो, खाली काका-काकू, आत्या, मामा. मास्तरांनी तपासलं आणि मी नेहमीसारखी मोठ्यानं वाचत गेले — ‘वराच्या आईचं नाव कुठंही दिसत नाही. राहिलं आहे का?’

वाचून झाल्यावर कळलं, काय वाचलं ते.

नानासो म्हणाले, ‘ताई, पत्रिका छापताय का चौकशी लावलीया? आमच्यात विधवेचं नाव घालत न्हाईत. जमत नसंल तर सांगा, दुसरीकडं जातो.’ मी अंबूबाईंकडं बघितलं. त्या हसल्या. ‘ऱ्हाऊ द्या वं. माझं कशाला?’

मे महिन्यापासून एकेक गिऱ्हाईक तुटतंय, हे जाऊ द्यायचं नव्हतं. नानासोंसमोरच, वसीमच्या देखत, मास्तरांना लिहून दिलं — पत्रिकेत कुणाचं नाव नाही, हे पुन्हा कधी विचारायचं नाही. उत्तर आलं, ‘समजलं. यापुढे विचारणार नाही.’

वादसुद्धा घातला नाही.

१७ ऑक्टोबर

पत्रिका कुंडलला गेल्या. गठ्ठे बांधताना वसीमनं एक पत्रिका काढून नावं वाचली आणि परत आत सारली. मला बोचलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी संपली. कामाला खरंच वेग आलाय. पूर्वी एका पत्रिकेत सकाळ जायची, आता चहा होईस्तोवर तपासून तयार. मेनंतर एकही चूक नाही. रेश्माला फोनवर सांगितलं, तुझे मास्तर कामाचे निघाले.

तरी ते एक डोक्यातनं जात नाही. मास्तरांना आपल्या रीती ठाऊक नाहीत, म्हणून त्यांनी विचारलं. मला ठाऊक आहेत, म्हणून मी कधीच विचारलं नाही. कुणी नाव घालतं, कुणी घालत नाही. येईल तो कागद मी टाईप करते. अठरा वर्षांत किती जणी अशा माझ्या हातून सुटल्या असतील? आणि मी तरी कोण, सवाष्ण लागून गेले?

४ नोव्हेंबर, मंगळवार

भावजींनी रेश्माच्या पत्रिकेचा मजकूर पाठवला. हंबीरराव, ह्यांचे धाकटे भाऊ, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. सगळं शिस्तीत, नावं मानाप्रमाणं ओळीनं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, मीच टाईप केलं. दोनदा वाचलं. मुहूर्त तर पाच वेळा. मग मास्तरांना दिलं. ‘सर्व तपासलं. एकही चूक नाही.’

केवढं हायसं वाटलं! वसीमला म्हटलं, नमुना काढ.

५ नोव्हेंबर

सकाळी वसीम नमुना हातात घेऊन उभा. मशीन चालू करेना. म्हणाला, ‘वैनी, मास्तरांना परत इचारा.’

‘कशाला? बरोबर आहे की सगळं.’

‘आधी इचारत व्हते ना, तसं इचारू द्या त्यास्नी.’

त्या दिवशी नानासोंसमोर लिहिलेलं खोडलं. पत्रिका परत तपासायला दिली. ‘वधूच्या आईचं नाव कुठंही दिसत नाही. राहिलं आहे का?’

माझ्या लेकीची पत्रिका. मीच टाईप केलेली, मीच दोनदा वाचलेली. आणि त्यात मी नाही हे मला दिसलं नाही! वसीमसमोरच रडू फुटलं. तो मशीनकडं तोंड करून कागद सारखे करत राहिला.

भावजींना फोन लावला, भांडायच्या तयारीनं. त्यांनी मजकूर परत काढून वाचला. मग म्हणाले, ‘वैनी, शप्पत, मुद्दाम न्हाई वगळलं. ध्यानातच आलं न्हाई. घाला की.’

एवढंच. एका फोनचं काम होतं.

ह्यांच्या नावाशेजारी टाईप केलं — श्रीमती राजेश्वरी. मग छापायला दिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिली पत्रिका देवापुढं ठेवली. दुसरी घेऊन एसटीनं कुंडलला गेले, अंबूबाईंच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, ‘वाचून दावा की.’ माझ्या नावापाशी त्यांनी थांबवलं. ‘हे कोन?’

‘मी. पोरीची आई.’

त्या अक्षरांवरनं त्या बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘घालता येतं व्हय?’

त्यांच्या लेकाचं लग्न परवाच होऊन गेलं.