जिवंतांविषयी चार चांगले शब्द

१ सप्टेंबर, रविवार
आज उपासनेत पाळकसाहेब जिभेवर बोलले. म्हणाले, प्रभूवरचा विश्वास आपल्या तोंडून बाहेर पडतो तेव्हा ऐकणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. महिनाभर प्रत्येकाने रोज एकाशी तरी विचार करून, मायेने बोलायचं. सगळ्या मंडळीने माना डोलावल्या. मी नाही. अर्धं आयुष्य वर्तमानपत्रात निधनवार्ता लिहितोय. माणसाविषयी चार चांगले शब्द हा माझा धंदाच. त्यात बी.ए.ला संस्कृत. शब्दांची टंचाई कधीच नव्हती.
बायकोच्या पित्ताशयात खडे निघालेत. सतरा तारखेला ऑपरेशन. घाबरली आहे, दाखवत नाही. तिला माझ्या शब्दांची खरी गरज लागणार. आधी बाहेर हात साफ करतो, मग घरी.

४ सप्टेंबर, बुधवार
सुरुवात शेजारच्या पोस्टमास्तरांपासून. निवृत्त झालेत, जिन्यात भेटले. थांबवून म्हणालो, आपण मनमिळाऊ स्वभावामुळे सर्वांना परिचित आहात, आपली निरपेक्ष सेवा विसरता येणार नाही. ते कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "काय झालं? डॉक्टर तुमच्याशी काही बोलले का?"
भारावले होते. संध्याकाळी कळलं, दुपारीच ईसीजी काढून आले. नॉर्मल निघाला. म्हणजे माझ्या बोलण्याने त्यांच्या तब्येतीची काळजी घेतली गेली.

६ सप्टेंबर, शुक्रवार
ऑफिसात शिपाई. सांगितलं, तुमच्याविना या कार्यालयात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होईल. तो तडक संपादकांच्या केबिनमध्ये शिरला आणि मला काढताय का म्हणून रडला. संपादकांनी मला बोलावलं. वयाने माझ्या पुतण्याएवढे. म्हणाले, "काका, तुम्ही लिहा. बोलू नका."
कौतुक थोडक्यात करण्याची त्यांची पद्धत आहे.

९ सप्टेंबर, सोमवार
आज घरी. चहा घेताना बायको म्हणाली, "भूल दिल्यावर जाग येते ना हो नक्की?" संधी चालून आली. मी म्हणालो, अगं, हा तर अल्पसा आजार.
ती म्हणाली, "तुमच्या कॉलमात सगळे अल्पशा आजारानेच जातात."
चहा अर्धा टाकून उठली. तसा चहा कडूच झाला होता.

१२ सप्टेंबर, गुरुवार
दमलो. गोड बोलणं अंगमेहनतीचं काम आहे हे पाळकसाहेबांनी आधी सांगायला हवं होतं. रागाने बोलायला तयारी लागत नाही. हे मात्र सकाळी दाढी करताना जुळवावं लागतं, आणि समोरचा माणूस वाक्य संपायच्या आत निघून जातो.
मेव्हणी राहायला आली आहे, ताईच्या मदतीला. दारातच विचारलं, "भाऊजी, ताईला काय सांगितलंत? फोनवर रडत होती." मी म्हणालो, धीर दिला. ती म्हणाली, "मग आता जरा कमी द्या."
दोघी आतल्या खोलीत हसत होत्या. मी गेलो, गप्प झाल्या. दोघींनाही आदर आहे, दाखवता येत नाही इतकंच.

१४ सप्टेंबर, शनिवार
आज कोणाशीही बोललो नाही. विश्रांती. चूक कुठे होते ते कळलं: मी सुटं सुटं बोलतो. परवा घरी प्रार्थना आहे, पाळकसाहेब आणि मंडळीतले काही जण येणार. तिथे सलग, बांधीव बोलायचं. बायकोची भीती एकदाच समूळ काढून टाकायची. तीन वेळा आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शुभलक्षण.

१६ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.
सगळे वेळेवर आले. बायकोला मध्ये खुर्चीवर बसवलं होतं. गाणं झालं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मग म्हणाले, आता यांच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. आवाज उत्तम लागला होता. प्रेमळ, धर्मपरायण, आल्यागेल्याचं हसतमुखाने स्वागत करणारी, असं सुरू केलं. रविवारच्या शाळेत मुलांच्या पिढ्या घडवल्या, हे सांगितलं. पती, एक भगिनी आणि मोठा मित्रपरिवार इथवर आलो, तेव्हा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बाई हळूच उठून उभ्या राहिल्या. मान खाली, हात जोडलेले. त्यांचं बघून पोस्टमास्तर उठले. मग सगळेच. पाळकसाहेबसुद्धा. खोलीत एकदम शांतता. मीही मान खाली घातली. सवय.
दोन मिनिटं व्हायची होती. बायको म्हणाली, "बसा सगळे. मी अजून आहे."
सगळे बसले. मेव्हणी आत जाऊन चहा आणते म्हणाली आणि आतच राहिली.
पाहुणे गेल्यावर बायको रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. एवढंच म्हणाली, "उद्या दवाखान्यात तुम्ही एक शब्द बोलू नका. फक्त या."
भाषण पूर्ण होऊ दिलं असतं तर परिणाम वेगळा झाला असता. शेवट आशादायक होता.

१७ सप्टेंबर, मंगळवार. दुपार, दवाखान्याच्या व्हरांड्यात
तिला आत नेलं आहे. बाकावर मी आणि मेव्हणी. मेव्हणी खाली मान घालून प्रार्थना करते आहे. मला येत नाही, म्हणून लिहितो.
सकाळपासून वचन पाळलं. कपडे बदलले तेव्हा गप्प, सलाइन लावलं तेव्हा गप्प. सिस्टरनी विचारलं, हे तुमचे कोण? बायको म्हणाली, "नवरा. आज बोलत नाहीत."
ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबली. तिच्या अंगावरची चादर हिरवी, हात बाहेर. बांगड्या काढलेल्या, मनगट एवढंसं दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "मला भीती वाटतेय गं."
तयारी नव्हती. वाक्याला चालही नव्हती. आवाज फाटला तो वेगळाच. वचनही मोडलं.
ती म्हणाली, "अहो, मग आधी नाही का बोलायचं! मला वाटलं, घरात मी एकटीच घाबरलेय." माझं बोट घट्ट धरलं. सिस्टरनी सोडवेपर्यंत सोडलं नाही. वर मलाच म्हणाली, काही होत नाही, जेवून घ्या.
धीर द्यायला मी गेलो होतो.
डॉक्टर आत्ता बाहेर आले. व्यवस्थित झालं म्हणाले. मेव्हणीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

२२ सप्टेंबर, रविवार
काल घरी आणलं. आज उपासनेला गेलो नाही, म्हणून पाळकसाहेबच भेटायला आले. निघताना बायकोला हळूच विचारलं, काय, यजमान बोलले का महिन्यात काही चांगलं? (मी खिडकीपाशी होतो. ऐकू येतं.) ती म्हणाली, "एकदा बोलले." साहेबांचा चेहरा खुलला. म्हणाले, सांगा, पुढच्या रविवारी मंडळीला सांगतो. मी खिडकीपासून पुढे आलो, सदऱ्याची बटणं लावली.
बायकोने सांगितलं.
पाळकसाहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, हे तुमचं? मी म्हणालो, हो, पण त्यावर अजून हात फिरवायचा आहे. ते म्हणाले, "कृपा करून फिरवू नका."
ते गेल्यावर खोलीत दोघंच. ती म्हणाली, "बोला ना काहीतरी." खूप शोधलं. शेवटी विचारलं, टाके दुखतात का. म्हणाली, दुखतात.
मग मी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसलो. पुढचं वाक्य सुचलं नाही. तिनेही मागितलं नाही.