कागदावरचं वय

४ मार्च

चि. आकडेबुवास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन करून उपयोग नाही. इतकी वर्षं तलावात पोहायला शिकवून माझ्या कानांनी संप पुकारलाय, तेव्हा पत्रच बरं. बातमी चांगली आहे. छातीतली गाठ काढली आणि काखेत काही सापडलं नाही, हे तुला ठाऊक आहेच. त्या गाठीचा तुकडा तपासायला बाहेर पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला. गाठीतली काही जनुकं किती जोरात काम करतात ते मोजायचं आणि त्यावरून आजार परत येईल का, याचा अंदाज बांधायचा. म्हणजे तुझाच, आजारांच्या आकडेमोडीचा धंदा.

माझा आकडा मधला आला, तेवीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पन्नाशी उलटलेल्या बायकांना या आकड्याला केमोचा काही फायदा होत नाही, नुसत्या गोळ्या पुरेत. माझा जीव भांड्यात पडला. तुझे भावोजी तर जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतायत.

उन्हाळी वर्ग सुरू होतायत. यंदा मला पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांची तुकडी दिलीय. त्यातले एक बँकवाले गृहस्थ कठडा सोडत नाहीत आणि हवापाण्याच्या गप्पा मारून वेळ काढतात. केमो असती तर मला तलावाचं तोंडही बघता आलं नसतं. रिपोर्टची प्रत सोबत जोडलीय. तू नाकाने कांदे सोलणारच, तेव्हा सोल.

आहे तो लोभ वाढता ठेव.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रिपोर्ट दोनदा वाचला. तपासणी चोख आहे, आकड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त वरच्या कोपऱ्यात तुझं वय एक्कावन्न लिहिलंय.

तू एकोणपन्नासची आहेस. शाळा लांब होती, चुलतबहिणीला सोबत हवी होती, म्हणून बाबांनी तुला चार वर्षांची असताना सहाची म्हणून घातली. हेडमास्तरांनी डोक्यावरून हात टाकून पलीकडचा कान धरायला लावला, तर तुझा हात लांब, तू कान सहज धरलास. तुझी ती पहिली तपासणी, आणि तिच्यातच तू दोन वर्षं ढापलीस. तेव्हापासून सगळ्या कागदांवर तेच चाललंय आणि घरात आपण त्याची थट्टा करत आलोय.

इथे मात्र थट्टा नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांना याच तेवीस आकड्याला केमोचा थोडा फायदा होताना दिसतो. अशा शंभरजणींना केमो दिली, तर पाच-सहाजणींचा आजार तिच्यामुळे परतत नाही. बाकीच्यांना ती फुकट सोसावी लागते. पन्नास ही काही दगडावरची रेघ नव्हे. शरीरातली पाळीची यंत्रणा चालू आहे की थांबलीय, हा खरा प्रश्न असतो. एरवी पाळीवरूनच ते कळतं. पण तुझी गर्भपिशवी पूर्वीच काढलेली असल्यामुळे डॉक्टरांपुढे वयाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांना खरं वय सांग. रक्ताच्या तपासणीने बाकीचं कळेल.

भावोजींना नमस्कार. राग येईल, पण माया कमी करू नकोस.
तुझा भाऊ

२२ मार्च

चि. आकडेबुवास,
आशीर्वाद. या वेळी एकच, अनेक नाहीत.

तुझं पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि ह्यांनाही दाखवलं नाही. इतका राग आला होता की काय सांगू. मिळालेली सुटका हिसकावून घ्यायला दुसरा कोणी भेटला नाही, सख्खा भाऊच निघाला.

आणि खरं सांगते, वय विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. नोकरी, लग्न, पासपोर्ट, सगळीकडे एक्कावन्नच्याच हिशोबाने जगत आलेय. एकोणपन्नास मला आठवतही नाही.

मंगळवारी जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. रक्त काढलं. रक्ताने तुझी बाजू घेतली. माझ्या शरीराला अजून पन्नाशीचा पत्ताच नाही. बाई म्हणाल्या की आता केमो घेतली तरी चूक नाही, न घेतली तरी चूक नाही, पुढच्या आठवड्यापर्यंत ठरवून सांगा. म्हणून विचारते, मी काय करू?

रागावलेय, तरी उत्तर लवकर दे.
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अंदाज बांधणारी गणितं शंभरजणींबद्दल सांगतात, एकीबद्दल नाही. त्या पाच-सहाजणींत तू आहेस की नाही, हे सांगणारी तपासणी अजून निघालेली नाही. एका बाजूला ही शक्यता, दुसऱ्या बाजूला केस, थकवा, जंतुसंसर्गाची भीती आणि तुझा हंगाम. दोन्ही बाजू तोलून तूच ठरवावंस, हे योग्य.

कळावे, प्रेम आहेच.
तुझा भाऊ

३१ मार्च

चि. आकडेबुवास,

हे सगळं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, आणि तुझ्याहून गोड शब्दांत. फुकटच्या रिपोर्टसाठी मी पोस्टाचं तिकीट लावत नाही. हातचं राखून लिहू नकोस. मी तुला तुझं मत विचारलंय. डॉक्टरांकडे मुदत वाढवून मागितलीय.

ताई

४ एप्रिल

ताई,

घे केमो.

हे गणित नव्हे. माझ्यापुढून रोज शेकडो बायकांची माहिती जाते. शंभरात पाच-सहा, असं दिसलं की मी मान हलवून पुढच्या ओळीवर जातो. तुझा रिपोर्ट वाचल्यापासून मला पुढे जाता येत नाहीये. तुझ्याबाबतीत केमोचा काहीच उपयोग न होण्याची शक्यता खूप जास्त आहे, हे मला तुझ्याहून चांगलं कळतं. तू महिनोन् महिने हैराण होशील आणि ते माझ्यामुळे होईल, हेही कळतं. तरी घे. मी घाबरलोय. हे मागच्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

तुझा भाऊ

९ एप्रिल

चि. बाळास,
अनेक अनेक आशीर्वाद.

मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. ह्यांनाही तसं सांगून झालं होतं. शंभरात पाच-सहांसाठी मी तलाव सोडणार नव्हते, आणि अजूनही त्या आकड्याने माझं मन हललेलं नाही.

पण बाबा गेले तेव्हा तू सगळ्यांचा चहा मोजत फिरत होतास. तेव्हापासून मी समजून होते की ह्याला भीतीबिती वाटत नाही. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग डॉक्टरीणबाईंकडे जाऊन हो म्हणून आले. वर्ग दुसऱ्या बाईंकडे दिलेत. त्या बऱ्या आहेत, फक्त शिट्टी फार वाजवतात.

येत्या शुक्रवारी सकाळी पहिली सलाईन लावणार आहेत. येऊ नकोस, उगाच तुझी रजा वाया जाईल, असं लिहायला बसले होते.

ये.

तुझी ताई